सत्काराचा हार आणि साक्षीचा शब्द

महाराष्ट्रदिन, स्वातंत्र्यदिन, प्रजासत्ताकदिन जवळ आला की पोलिसांच्या पदकांच्या बातम्या येऊ लागतात. कुणाला राष्ट्रपतींचे पदक, कुणाला महासंचालकांचे सन्मानचिन्ह. २०१८ मध्ये तर केवळ उत्कृष्ट तपासासाठी म्हणून केंद्रीय गृहमंत्र्यांचे पदक सुरू झाले होते. मग गावोगाव शाल, श्रीफळ, फेटा. अशा वेळी पारावरचा एखादा हमखास म्हणतो, "पगार घेतो, काम करतो. त्यात सत्कार कसला?"

सज्जनहो, हा प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. आपल्या बीड जिल्ह्यात तर नाहीच.

नाथमहाराजांच्या चरित्रातला पैचा प्रसंग आपल्याला ठाऊक आहे. जनार्दनस्वामी देवगिरीचे किल्लेदार आणि नाथ त्यांच्या सेवेत हिशेब पाहणारे. हिशेबात एका पैची चूक येत होती. ती शोधण्यासाठी नाथ दिवा लावून रात्रभर बसले. पहाटे चूक सापडली आणि आनंदाने त्यांनी टाळी वाजवली. स्वामींनी ते पाहिले आणि हेच चित्त भगवंताकडे लाव, असे सांगितले. पैची किंमत ती काय! स्वामींनी ओळखले ते पै शोधणारे चित्त.

चांगला तपास करणाऱ्याची जात हीच. साक्षीत न जुळणारी एक वेळ, पंचनाम्यातली एक ओळ, फोनची एक नोंद, यांच्यामागे तो रात्र जागवतो. पगार हजेरीचा मिळतो, त्या जागरणाचा नाही. म्हणून त्याचा सन्मान करणे हे कृतज्ञतेचे काम आहे.

आणि सेवेचे काय? नाथांची पालखी पैठणहून निघून आपल्याच जिल्ह्यातून पंढरीला जाते. मुक्ताईची पालखीही बीडवरून जाते. दिंडीच्या कडेला वाहने थोपवणारा, चुकलेल्या म्हातारीला तिच्या दिंडीत पोहोचवणारा शिपाई आपण दरसाल पाहतो. आषाढीला पंढरपुरात लाखोंची तोंडे देवळाकडे असतात. बंदोबस्तावरच्या पोलिसाचे तोंड तेवढे गर्दीकडे, पाठ देवाकडे. पुंडलिकानेही आईबापांची सेवा सोडून मागे वळून पाहिले नव्हते. देवाला वीट देऊन थांबवले आणि देव थांबला. त्या पाठमोऱ्या उभ्या राहण्यात भक्ती नाही, असे कोणता वारकरी म्हणेल?

तर सत्कार करावा. पण कोणाचा, हा पुढचा प्रश्न. आपल्याकडे अधिकारी आला की आधी त्याचे आडनाव विचारतात. आडनाव जुळले तर तो 'आपला', नाही जुळले तर त्याच्या प्रत्येक कामात खोट. २०२५ च्या सुरुवातीला बीडचे पोलीस अधीक्षक नवनीत काँवत यांनी यावर उपाय केला. पोलिसांना आडनावाने नव्हे, केवळ नावाने ओळखावे असे ठरवले आणि छातीवरच्या पट्ट्यांवरून आडनावे गेली. कुणाला ही वरवरची गोष्ट वाटेल. पण आपल्या संप्रदायात शेकडो वर्षे हेच चालले आहे. समोरच्याच्या पायावर डोके ठेवताना आपण आडनाव विचारत नाही, 'माउली' म्हणतो. मग गळ्यात माळ असलेल्याने जात पाहून अधिकाऱ्याला हार घालावा काय? तो हार त्याच्या गळ्यात दिसतो, पण घातलेला असतो आपल्याच अभिमानाला.

हे सांगायला कारण आहे. ९ डिसेंबर २०२४ रोजी केज तालुक्यातल्या मस्साजोगचे सरपंच संतोष देशमुख यांची हत्या झाली. तपास पुढे सीआयडीकडे गेला. त्या दिवसांत जिल्ह्याचा पोलिसांवरचा विश्वास किती डळमळला, हे इथे राहणाऱ्या कुणाला सांगायला नको. असा विश्वास पदकांनी परत येत नाही. गरिबातला गरीब माणूस न भिता ठाण्याची पायरी चढला, तर येतो.

मात्र त्या पायरीवर आपलेही एक काम आहे. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईत गिरगाव चौपाटीवर तुकाराम ओंबळे यांनी अतिरेक्याची बंदूक दोन्ही हातांनी धरून ठेवली, गोळ्या अंगावर घेतल्या, पण सोडली नाही. जावळी खोऱ्यातल्या केडंबे गावचा हा सुपुत्र. देशाने त्यांना मरणोत्तर अशोकचक्र दिले. त्यांच्यामुळे कसाब जिवंत सापडला. पुढे रमेश महाले या तपास अधिकाऱ्याच्या हाताखाली ११ हजारांहून अधिक पानांचे आरोपपत्र तयार झाले. पण एवढा तपास न्यायालयात उभा राहिला तो सहाशेहून अधिक साक्षीदारांच्या बळावर. त्यांत पायाला गोळी लागलेली एक लहान मुलगी होती. ती कुबडी घेऊन न्यायालयात आली आणि तिने बोट दाखवून सांगितले, हाच तो.

ओंबळ्यांच्या हातांइतकेच ते बोटही मोठे आहे.

आपल्या गावात मात्र काय होते? डोळ्यांदेखत मारहाण होते आणि पोलीस आले की दारे लागतात. "आम्ही शेतात होतो." भीती खरी असते, हे मी जाणतो, बायकापोरे सर्वांनाच आहेत. भ्यालेल्याला दोष देणे सोपे आहे. पण एकट्याची भीती सगळ्या गावाने वाटून घेतली तर हलकी होते. म्हणून साक्षीला जाणाऱ्याबरोबर चार टाळकरी न्यायालयाच्या दारापर्यंत चालत गेले, तर तीही एक दिंडीच. आणि जो अधिकारी त्या साक्षीदाराला संरक्षण देईल, त्याला धीर देईल, तो खरा सत्काराचा धनी.

महाराष्ट्र पोलिसांचे ब्रीद आहे, सद्रक्षणाय खलनिग्रहणाय. सज्जनांचे रक्षण आणि दुष्टांचे नियमन. या ब्रीदातला सज्जन म्हणजे आपण. पण पाहिलेले खरे गिळून बसणाऱ्याला सज्जन म्हणायचे कसे? पुढच्या वेळी आपल्या भागातल्या कर्तबगार पोलिसाला हार घालण्याची वेळ आली, तर अवश्य घाला. त्याच हातांनी उद्या खऱ्याची साक्ष द्यायची वेळ आली, तर ते हात मागे घेऊ नका. कुणाही प्रामाणिक तपास अधिकाऱ्याला विचारा, या दोहोंतला कोणता सत्कार त्याला हवा आहे.

रामकृष्णहरी.