दया आणि तिचें शिक्षण

दुःखितांस साहाय्य करणाऱ्याचें अंतःकरण प्रेमळ असलें म्हणजे पुरे, कीं त्यानें आपलें काम जन्मभर शिकत राहिलें पाहिजे? पाथर्डीसारख्या अवर्षणाच्या तालुक्यांत हा प्रश्न केवळ वादाचा नाहीं. टंचाईच्या दिवसांत पाणी, धान्य, औषधें वाटावयास मंडळींतील तरुण उत्साहानें पुढें येतात, शिकवणीस बोलाविलें कीं म्हणतात, "एकदां शिकलों, आतां पुन्हां कशाला?"

शोमरोन्यानें जखमी वाटसरूस तेल व द्राक्षारस लावला. त्याच्या कळवळ्यावर पुष्कळ उपदेश होतात, त्याच्या माहितीवर होत नाहींत. त्या काळचा उपाय त्यास ठाऊक होता. आज उघड्या जखमेंत द्राक्षारस कोण ओतील? कळवळा तोच, उपाय बदलला.

जुलाबाचेंच पाहा. आजारी लेकराचें पाणी तोडावें, ही समजूत मायेपोटींच होती. त्या मायेनें लेकरें दगावत. 1971 सालीं बनगांवच्या निर्वासितांच्या छावणींत पटकी पसरली, तेव्हां डॉ. दिलीप महालनबीस यांनीं मीठ, सोडा व ग्लुकोज घातलेलें पाणी रोग्यांच्या नातलगांकडूनही पाजविलें. मृत्यूंचें प्रमाण शेंकडा सुमारें 30 वरून 4 च्या खालीं आलें. पुढें 2004 सालीं जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांनीं त्यांतील मिठाचें प्रमाण कमी करण्यास, आणि मुलांस 10 ते 14 दिवस जस्ताची गोळी देण्यास सांगितलें. 1990 सालीं शिकून स्वस्थ बसलेल्या सेवकास हें कोठून कळावें? आणि घेणारा तर देणाऱ्याची परीक्षा करूं शकत नाहीं; हातीं येईल तें तो पितो.

दारांत भुकेला उभा असतां धडे कसले, असा आक्षेप निघतो. शिकवणीच्या नांवाखालीं जेवणावळीही झडतात, हें आम्ही नाकारीत नाहीं. परंतु आमच्याच जिल्ह्यांत जामखेड येथें डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे या ख्रिस्ती दंपतीनें 1970 सालीं काम आरंभिलें, आणि लागलीच 1972 चा दुष्काळ आला. गांवांनीं निवडलेल्या, बहुतेक निरक्षर, निरनिराळ्या जातींच्या स्त्रिया तेथें आरोग्यसेविका झाल्या. त्यांचें शिक्षण एकदां देऊन संपविलें नाहीं. त्या वरचेवर जामखेडास येत, गांवांत काय पाहिलें तें सांगत, नवें शिकत, एकमेकींस शिकवीत. त्यायोगें काम खोळंबलें नाहीं. त्या गांवांतील बालमृत्यू पुष्कळ घटले.

येत्या उन्हाळ्यापूर्वीं दानाच्या पैशांतून चार सेवकांस शिकवणीस पाठवावें, कीं तेवढ्याचें धान्य घ्यावें, हा प्रश्न मंडळीच्या पंचांपुढें आल्यास आम्ही शिकवणीच्या बाजूनें मत देऊं. धान्य तितकें कमी वाटलें जाईल, हें आम्ही जाणतों.