शिल्लक डेटा आणि शिल्लक आयुष्य



२०१६ साली जिओची ४जी सेवा सुरू झाली आणि आपल्या देशात मोबाईलचा डेटा स्वस्त झाला. १ ऑक्टोबर २०२२ रोजी ५जी सेवेचा प्रारंभ झाला आणि वेग आणखी वाढला. पूर्वी जो एक जीबी महिनाभर पुरवून वापरला जात असे, तो आता अनेक घरांत एका दिवसालाही पुरत नाही. याचे गणित साधे आहे. सेकंदाला १० मेगाबिट या वेगाने सलग डाऊनलोड चालले, तर दिवसाचा २ जीबी डेटा सुमारे सत्तावीस मिनिटांत संपतो. तो संपला की अनेक योजनांमध्ये वेग ६४ केबीपीएसवर येतो आणि ३ एमबीचे एक छायाचित्र उघडायला सहा मिनिटे लागतात. त्या सहा मिनिटांत आपण किती अस्वस्थ होतो! डेटा किती उरला हे आपण दिवसातून अनेकदा पाहतो. दिवस किती उरला, हे मात्र क्वचितच पाहतो.

उरलेला डेटा वाया जातो काय?

रोजच्या मर्यादेचा डेटा मध्यरात्री संपुष्टात येतो. उरलेला भाग सहसा दुसऱ्या दिवशी मिळत नाही. त्यामुळे एक विचित्र समज रूढ झाला आहे. "पैसे भरले आहेत, उरला तर वाया जाईल," असे म्हणून रात्री अकरा वाजता पडून राहिलेला डेटा संपविण्यासाठी व्हिडिओ पाहिले जातात. उधळपट्टी टाळण्याच्या नावाखाली केलेली ही उधळपट्टीच होय. यात डेटा वाचत नाही. झोप जाते आणि तिच्यासोबत अनेकदा फज्रची नमाजही जाते. इशाच्या नमाजपूर्वी झोपणे आणि इशानंतर गप्पा मारीत बसणे प्रेषित मुहम्मद (स.) यांना आवडत नसे, हे हदीसवरून आपणास ठाऊक आहे. तसेच ते सुमारे एक मुद, म्हणजे एक लिटरपेक्षाही कमी पाण्याने वुजू करीत. गरजेपुरते घ्यावे, ही त्यांची शिकवण होती. एखादी वस्तू विपुल आहे, एवढ्यावरून ती संपविणे आपले कर्तव्य ठरत नाही.

न वापरलेला डेटा ही फार तर काही रुपयांची हानी आहे. न वापरलेला, अथवा चुकीचा वापरलेला दिवस मात्र कोणत्याही रिचार्जने परत मिळत नाही. पवित्र कुरआनातील 'अल-अस्र' या छोट्याशा सूरहमध्ये काळाची शपथ घेऊन मानवाच्या तोट्याविषयी सांगितले आहे, ते याचसाठी.

आकडा आणि वजन

आजच्या फोनमध्ये कोणत्या ॲपने किती डेटा वापरला आणि त्यावर किती वेळ गेला, याची नोंद सहज पाहता येते. ही नोंद उपयुक्त आहे. परंतु ती अपुरी आहे. एखादा विद्यार्थी गणिताचे व्याख्यान पाहतो, तेव्हा एक जीबी खर्च होतो. कोणी कोणाची निंदा करणारा संदेश चार गटांत पाठवितो, तेव्हा काही केबीदेखील पुरे होतात. फोनच्या हिशेबात पहिला वापर मोठा आहे आणि दुसरा नगण्य. अल्लाहच्या हिशेबात कोणता जड असेल, हे आपण सर्वजण जाणतो. ऐकलेली प्रत्येक गोष्ट पुढे सांगत सुटणे हेच माणूस खोटा ठरण्यास पुरेसे आहे, असे प्रेषितांनी (स.) बजावले आहे. न पडताळता पुढे ढकललेला संदेश याच इशाऱ्याच्या कक्षेत येतो. श्रवण, दृष्टी आणि अंतःकरण या सर्वांविषयी जाब विचारला जाईल, असे सूरह बनी इस्राईलमध्ये सांगितले आहे. तेव्हा 'किती?' या प्रश्नासोबत 'काय आणि कशासाठी?' हा प्रश्न आपणच स्वतःला विचारावयास हवा.

देखरेख की पाळत?

येथे पालकांसमोर खरा पेच उभा राहतो. स्वतःला व कुटुंबियांना आगीपासून वाचविण्याचा आदेश सूरह तहरीममध्ये आहे. म्हणून मुलांच्या वापराकडे दुर्लक्ष करणे योग्य नाही. दुसरीकडे, सूरह हुजुरातमध्ये हेरगिरीची स्पष्ट मनाई आहे. लोकांचे दोष शोधीत राहिल्यास तुम्ही त्यांना बिघडवून टाकाल, या आशयाची हदीसही आहे. मग मुलगी झोपल्यावर तिचा फोन गुपचूप उघडावा काय? पतीने पत्नीचे अथवा पत्नीने पतीचे संदेश चोरून वाचावेत काय?

देखरेख उघड असते, पाळत लपून ठेवली जाते. लहान मुलाच्या फोनवर वेळेची मर्यादा घालावी, ती त्याला सांगून घालावी आणि तिचे कारणही समजावून द्यावे. वयात आलेल्या मुलाशी चर्चा करून नियम ठरवावेत. धोक्याचे ठोस चिन्ह दिसले, तर समोर बसून विचारावे. जे मूल केवळ आपल्या नजरेला भिते, ते नजर चुकविण्याचा मार्ग शोधते. पाहिलेल्याची नोंद पुसून टाकणे त्याला क्षणाचे काम असते. अल्लाह आपल्याला पाहत आहे, ही 'एहसान'ची जाणीव ज्याच्या मनात रुजली, त्याच्यासोबत मात्र बंद खोलीतही एक रक्षक असतो.

ही जाणीव उपदेशाने कमी आणि उदाहरणाने अधिक रुजते. जेवताना पित्याच्या हाती फोन असेल, तर मुलाला घातलेला नियम किती काळ टिकेल? म्हणून हिशेबाचा आरंभ थोरांनी करावा. आठवड्यातून एकदा, जुमाच्या दिवशी, घरातील प्रत्येकाने स्वतःच्या फोनमधील नोंद स्वतः पाहावी. रात्री सर्वांचे फोन, पालकांचेही, बैठकीच्या खोलीत एकाच ठिकाणी ठेवावेत.

तुमचा हिशेब घेतला जाण्यापूर्वी तुम्हीच तुमचा हिशेब घ्या, असे हजरत उमर (रजि.) सांगत असत. फोनमधील नोंद एका स्पर्शाने पुसता येते. पण सूरह कहफमध्ये ज्या कर्मपुस्तकाचा उल्लेख आहे, त्यातून लहान वा मोठी कोणतीच गोष्ट सुटत नाही. त्या दिवशी आपला वेग किती होता, हे विचारले जाणार नाही. आयुष्य कशात घालविले, हे मात्र निश्चित विचारले जाईल.

अल्लाह आपणा सर्वांना वेळेची कदर करण्याची आणि एकमेकांवर विश्वास ठेवून एकमेकांची काळजी घेण्याची सद्बुद्धी देवो. आमीन.