चौघांची गाडी

पनवेल-खारघरकडच्या एखाद्या अभियांत्रिकी महाविद्यालयाची कार्यशाळा 'बाहा'च्या, म्हणजे विद्यार्थ्यांनी स्वतः बांधलेल्या गाड्यांच्या स्पर्धेच्या, आधी महिनाभर रात्री पाहावी. पाइपच्या सांगाड्याभोवती वीस-पंचवीस मुलं. एक टॅक मारतो, दुसरा गुण्या लावून बघतो, तिसरा वडापाव आणायला गेलेला. सकाळी कागदावर मात्र हीच मुलं चौघाचौघांची होतात. मुंबई विद्यापीठाच्या 2019च्या अभ्यासक्रमात मिनी प्रोजेक्टचा गट तिघांचा किंवा चौघांचाच. ना कमी, ना जास्त. हेतू रास्त आहे. पंचविसांत पंधराजण नुसते उभे असतात, हे कुठल्याही शिक्षकाला ठाऊक असतं. पण मग गाडीच्या वाटण्या होतात. ब्रेक एका गटाकडे, सस्पेन्शन दुसऱ्याकडे. चाकापाशी दोन्ही भेटतात आणि तिथला प्रश्न बांधावरच्या झाडासारखा कुणाच्याच सातबाऱ्यावर चढत नाही.

नियमांवर माझा राग नाही. 2007 पासून भारतात होणाऱ्या बाहाचे नियम तर कितीतरी जाचक. वर्षानुवर्षं सगळ्यांना एकच, 10 अश्वशक्तीचं इंजिन. त्याला हात लावायचा नाही. सांगाड्याला साधारण इंचभर व्यासाचा, तीन मिलिमीटर जाडीचा पोलादी पाइप. वेगळा हवा? घ्या, पण तो वाकताना तेवढाच ताठ आणि तेवढाच मजबूत राहतो हे गणिताने दाखवा. कळंबोलीच्या लोखंड बाजारात भाव विचारत फिरणारा मुलगा या एका अटीपायी पुन्हा पुस्तक उघडतो. ही अट काय सिद्ध करायचं ते सांगते. किती जणांनी, किती पानांत, ते नाही.

शिक्षकही अशा आकड्यांच्या अटींतून सुटलेले नाहीत. 2010मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने बढतीच्या हिशेबात शोधनिबंधांना गुण लावले. 2018मध्ये त्याच आयोगाला आपल्या मान्य यादीतून 4305 नियतकालिकं काढून टाकावी लागली. गुण होते, म्हणून निबंध छापून देणारी दुकानं निघाली.

आणि खरा प्रश्न त्या कार्यशाळेपासून तासाभराच्या अंतरावर उभा आहे. बोरघाटात 30 टनांचा ट्रक साधारण 500 मीटर खाली उतरतो. तेवढ्यात सुमारे 40 युनिट विजेइतकी ऊर्जा कुठेतरी उष्णता होऊन जावी लागते. गाडी गिअरमध्ये असेल तर इंजिन बराच भार उचलतं. डिझेल वाचवायला न्यूट्रल मारली, तर जवळपास सगळी उष्णता ब्रेकच्या ड्रमवर. ड्रम किती तापतो, कुठल्या वळणापासून पकड सुटू लागते, हे मोजायला पावसाळाही हवा आणि मेमधलं ऊनही. पावसाळ्यात एक सत्र, मे महिन्यात परीक्षा. दोन्ही ऋतू एका सत्रात बसत नाहीत, म्हणून विषय मंजुरीला जातच नाही.

घाट उतरलेला चालक खाली येऊन गाडी लावतो, चाकाखाली दगड सरकवतो आणि ड्रमजवळ तळहात नेतो. टेकवत नाही.