मोजपट्टी आणि साक्षी

मनुष्याला स्वतःचे परीक्षण करिता येते काय, हा प्रश्न तत्त्वज्ञांनी फार उंचावर नेऊन ठेविला आहे. तो खाली उतरवून एका दिव्याच्या बॅटरीपाशी आणिला, तर त्याचे एक अंग अधिक स्पष्ट दिसेल असे मला वाटते.

नागपुरात मे महिन्यात पारा ४५ अंशांपलीकडे जातो. अशा रात्री वीज गेली म्हणजे घरातील वृद्धांचे व आजाऱ्यांचे काय हाल होतात, हे वैदर्भीय वाचकांस सांगावयास नको. त्या वेळेसाठी एखादा हौशी विद्यार्थी लिथियमच्या एका सेलवर चालणारा दिवा घरीच तयार करितो, आणि शक्ती किती उरली हे कळावे म्हणून त्याच सेलवर ॲटमेगा ३२८ या चिपचा एक मापक बसवितो. भरलेल्या सेलचा दाब ४.२ व्होल्ट, रिकामा होत आला म्हणजे सुमारे ३. चिपने तो मोजून अंक दाखवावा, इतके साधे काम. परंतु अंक हलतच नाही! दिवा मंदावत जातो. मापक मात्र पहिल्या क्षणी सांगितलेले पूर्णत्वच अखेरपर्यंत सांगत राहतो.

विद्यार्थी डाख तपासतो, तारा बदलतो, आज्ञावली पुन्हा वाचतो. दोष सापडत नाही, कारण एकेक भाग सुटा घेतला तर निर्दोषच असतो. मर्म असे की, ही चिप कोणताही दाब स्वतःला मिळणाऱ्या दाबाच्या प्रमाणात मोजते. त्याचे १०२४ भाग कल्पून त्यांपैकी किती भरले, एवढेच ती सांगते. आणि तिला पोसतो कोण? तोच सेल. सेल उतरला की मोजपट्टीही तितकीच आकसते. येथे असत्य कोणीच बोललेले नाही. प्रत्येक अंक प्रामाणिक आहे, आणि तरीही ती साक्ष कवडीमोलाची आहे.

आत्मवंचना म्हटली की आपण लबाडीची कल्पना करितो. पण जो अधिकारी वर्षानुवर्षे आपल्या विवेकाचा कौल घेऊन निर्धास्त झोपतो, त्याला तो विवेक फसवीत असतोच असे नव्हे. ज्या लाभावर घर चालते त्याच लाभावर विवेकही वाढलेला असतो. दोन्ही बरोबरच उतरतात आणि गुणोत्तर कायम राहते. सांख्यांनी बुद्धीला प्रकृतीचेच कार्य ठरवून साक्षित्व पुरुषाकडे दिले, ते का, हे या मापकापुढे बसल्यावर पटते. मात्र त्यांचा पुरुष इतका अलिप्त की तो काहीच करीत नाही, ही अडचण उरतेच.

मापक दुरुस्त होतो तो निराळ्या रीतीने. त्याच चिपच्या पोटात, सिलिकॉनच्या अंगभूत गुणधर्मावर बेतलेला, सुमारे १.१ व्होल्टचा एक दाब असतो. सेल चढो वा उतरो, तो फारसा ढळत नाही. मग त्या आकसणाऱ्या पट्टीनेच हा अचल दाब मोजावयाचा. सेल भरलेला असता तो सुमारे २६८ भाग भरतो, सेल ३ व्होल्टांवर आला की ३७५. वस्तू तीच असून मोठी भरू लागली, म्हणजे पट्टी आखूड झाली! ही युक्ती मला फार मार्मिक वाटते. नोकरीच्या पहिल्या वर्षी जी भेट आपण परत पाठविली, तीच आज क्षुल्लक वाटत असेल, तर भेट बदललेली नाही.

तथापि या १.१ चाही फार भरवसा नको. प्रत्येक चिपमध्ये तो १.० ते १.२ यांच्या दरम्यान कोठेही असू शकतो. तेव्हा एकदा तरी बाहेरच्या चांगल्या मापकाशी ताडून पाहावा लागतो. नागपुरात शून्य मैलाच्या स्तंभापाशी त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचा १९०७ सालचा प्रमाणबिंदू आहे. त्याची उंचीही या शहराने ठरविलेली नाही, ती दूरच्या समुद्रसपाटीवरून मोजीत आणिलेली आहे. अंतःकरणातला १.१ ताडण्यास मनुष्याने कोठे जावे? मित्र बहुधा त्याच सेलवर चालणारे. घरची माणसे तर निश्चितच. शत्रूकडे जा असे म्हणवत नाही, पण त्याचा सेल निराळा असतो खरा. विद्यार्थ्याचे त्या मानाने बरे आहे. तो शेजारच्या घरून तासाभरासाठी मापक मागून आणितो आणि मिळालेला अंक आज्ञावलीत लिहून ठेवितो.