‘सांगता येत नाही’ ही साक्ष

अकाली गेलेल्यांसाठी नारायणबळी करावयास आमच्या त्र्यंबकेश्वरी माणसे लांबलांबून येतात. श्रद्धा ज्याची त्याच्यापाशी. पण त्या चेहऱ्यांवर एकच प्रश्न असतो, ‘असे का झाले?’ मरण लहान मुलाचे असेल, तर त्या प्रश्नाला अंतच नाही. कारणाची ही भूक घेऊनच माणूस न्यायालयातही जातो. तेथे मात्र कारणाला नाव लागते. आणि पुष्कळदा ते नाव आईचे असते.

दिवाळीच्या फराळाशेजारी हा विषय कडू खरा. पण घरात मुले बागडत असतानाच विचारावे असे वाटते, की जे ठाऊक नाही ते डॉक्टरने ठामपणे सांगावे काय?

मेलेले अर्भक सापडले, की ते जिवंत जन्मले होते काय, हा पहिला प्रश्न. त्यासाठी फुप्फुस पाण्यात टाकून पाहण्याची परीक्षा युरोपात सतराव्या शतकापासून चालत आली. तरंगले तर मुलाने श्वास घेतला होता. बुडाले तर नाही. किती सोपे! परंतु प्रेत कुजू लागले, की श्वास न घेतलेले फुप्फुसही आतल्या वायूने तरंगते. विल्यम हंटर या वैद्याने १७८३ सालीच या परीक्षेवर विसंबू नका म्हणून बजावले होते.

आपल्याकडे त्या काळी अशा आरोपात बहुधा एखादी तरुण विधवा सापडे. ती आई झाली, येथेच समाजाच्या लेखी गुन्हा सिद्ध होई. जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८६३ साली पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले, तेव्हा त्यांनी प्रश्नच बदलला. ‘कोणी मारले?’ याच्या आधी ‘तिला आसरा कोणी दिला?’ हा प्रश्न आला.

ही जुनी गोष्ट झाली म्हणावे, तर इंग्लंडातील सॅली क्लार्कचे पाहा. तिची दोन तान्ही मुले दगावली. एका घरात असे दोन मृत्यू आपोआप घडण्याचा संभव ७ कोटी ३० लाखांत एक, असे रॉय मेडो या नामांकित बालवैद्याने सांगितले. ८,५४३ ला ८,५४३ ने गुणले, की हा आकडा येतो. पण ती दोन मुले एकाच रक्ताची, एकाच छपराखालची. तेथे हा गुणाकार लागू पडतोच कसा? १९९९ साली तिला जन्मठेप झाली. धाकट्याच्या शरीरात जंतू सापडल्याचा अहवाल बचावापुढे आलाच नव्हता. २००३ साली ती सुटली आणि २००७ साली वारली.

कोणी म्हणेल, डॉक्टरच गप्प बसले तर खरे मारेकरी मोकळे सुटतील. मेलेल्या लेकराचाही न्यायावर हक्क आहे. आहेच. पण निरपराध आईला तुरुंगात घालून तो हक्क फिटत नाही. शरीर जेवढे सांगते तेवढे डॉक्टरने सांगावे. उरलेले इतर पुराव्यांवर सोडावे.

आम्ही मास्तर लोक ‘येत नाही’ म्हणणाऱ्या मुलाला शून्य देतो आणि ठोकून देणाऱ्याला निदान ऐकून तरी घेतो. तीच सवय पुढे साक्षीदाराच्या पिंजऱ्यापर्यंत जात असावी. तेथे ‘सांगता येत नाही’ हे उत्तर अज्ञानाचे नसते. पुष्कळ शिकलेल्या माणसाच्या प्रामाणिकपणाचे असते. अशा उत्तराला पुरे गुण देण्याची तयारी न्यायाधीशाने ठेवावी, आणि आपणही.