घसारा

मी वाणिज्य शाखेचा पदवीधर आहे, हे मी सहसा सांगत नाही. सांगितले की लोक लगेच प्राप्तिकराचा कागद पुढे करतात. पण त्या पदवीने मला एक मोलाचा शब्द दिला. घसारा! कोणतीही वस्तू एका दिवसात मोडत नाही, ती रोज थोडी थोडी मोडत असते. तेव्हा तिच्या झिजेचा खर्च ज्या त्या वर्षाच्या नावे टाकावा, असे आमचे शास्त्र सांगते. इतकी न्यायी कल्पना कारकुनांच्या वह्यांत कशी शिरली, देव जाणे. वहीबाहेर मात्र वस्तू ज्याच्या हातात मोडते, त्याच्याच नावे सगळी रक्कम पडते.

हे सुचायचे कारण, माझ्या मेहुण्याची ट्रॉली.

गेल्या वर्षी मे महिन्यात माझी बदली अकोल्याहून अमरावतीला झाली. ट्रकवाल्याचा आकडा ऐकून हिने आपल्या भावाला फोन केला. त्याचे गाव दर्यापूरकडे, खारपाणपट्ट्यात. दुसऱ्याच दिवशी तो ट्रॅक्टर-ट्रॉली घेऊन दारात. "ट्रक कायले पायजे भाऊजी? घरची ट्राली हाय ना!" तो ट्रॅक्टरवर बसला आणि अस्मादिक ट्रॉलीत, लोखंडी कपाटाला मिठी मारून. तिथे बसलो म्हणूनच डाव्या चाकाची खरखर मला ऐकू आली. दमेकऱ्याच्या छातीतून यावी तशी. मूर्तिजापूरला चहासाठी थांबलो, तेव्हा मी हबला हात लावला आणि बोट भाजून घेतले. वऱ्हाडात मे महिन्यात सगळेच लोखंड भाजते, अशी मी मनाची समजूत घातली. पण उजव्या चाकाच्या हबवर हात ठेवता येत होता.

बोलावे, तर तो तिथेच चाक खोलणार आणि दिवस जाणार. शिवाय बेअरिंग गेलेले निघाले, तर पैसे जावयाने देणे आले. मी मुकाट्याने चहा प्यालो.

जुन्या बंडीचे बरे होते. मृगाआधी चाके सुतार-लोहाराकडे जात. उन्हाने लाकूड आटून धाव ढिली झालेली असे; ती गोवऱ्यांच्या जाळात तापवून चाकावर चढवायची, वर पाणी ओतले की आवळून बसायची. वंगणाची नळी गाडीलाच टांगलेली असायची, आणि चाक कुरकुरले की ते साऱ्या शिवाराला कळायचे. ट्रॉलीचे मागणे तरी कुठे वेगळे असते? पावसाळ्याआधी चाके खोलून जुने ग्रीस पुसावे, नवे भरावे. पाट्यांचे नट आवळावेत, हुकाची पिन झिजली का पाहावे. चिकटलेली काळी माती धुऊन पत्र्याला जळके ऑइल लावावे, आणि काम नसेल तेव्हा आख दगडांवर टेकवून टायरांवरचा भार काढावा. पण ट्रॅक्टरच्या धडधडाटात चाकाचे ऐकतो कोण?

दिवाळीनंतर मेहुण्याच्या शेजाऱ्याने, तीन एकरांच्या धन्याने, अकोल्याच्या बाजारात कापूस न्यायला ती ट्रॉली मागून घेतली. वाटेत बेअरिंग फुटले, चाक निखळले, आख वाकला. ज्याच्या हाती मोडली त्याने भरून द्यावी, हा गावचा नियम. त्याने कापसाच्या पट्टीतून भरून दिली. मेहुण्याने हे सांगितले तेव्हा माझ्या पानात दुसरी जिलबी पडत होती. मी नको म्हटले नाही.

रात्री मात्र 1872 चा भारतीय करार कायदा आठवू लागला. कलम 150 म्हणते, वस्तू वापरायला देणाऱ्याने तिचे ठाऊक असलेले दोष सांगावेत. कलम 151 म्हणते, घेणाऱ्याने ती सामान्य शहाण्या माणसाने स्वतःच्या वस्तूला जपावे तशी जपावी. (माझी स्कूटर पाहिलेल्यांनी इथे हसू नये.) पण परत करताना ऐकलेली खरखर सांगावी की नाही? मला पाठ असलेल्या कलमांत यावर अवाक्षर नाही. म्हणजे मी सुटलो. मी केले तरी काय होते? काहीच नाही! नव्वद-पंचाण्णव किलोमीटरचा माझ्या वाट्याचा घसारा काढला, तर चहाचेही पैसे होणार नाहीत. पण गप्प बसल्याचा घसारा कोणत्या पद्धतीने काढायचा? घटत्या शिल्लकीच्या पद्धतीत आकडा दरवर्षी कमी होतो, शून्य मात्र कधीच होत नाही.

यंदा मृगाआधी मी ग्रीसचा डबा घेऊन गावी गेलो. "तुमी काऊन आले जी?" मेहुण्याने विचारले. चाक खोलता खोलता एकदाचे मी त्याला सांगून टाकले. तो हसला. "आवाज तं मलेबी येत होता भाऊजी. होळीपासून. म्हटलं, पाहू पुढं."

म्हणजे कलम 150 प्रमाणे आरोपी समोरच बसला होता. पण त्याच्याकडे बोट दाखवायचे तर ते बोट भाजलेले!

तेवढ्यात शेजारी जॅक धरायला आला. म्हणाला, "औंदा जपून वापरीन जी. मागच्या खेपेला मीच जास्त भरली होती." आम्ही दोघेही नटाकडे पाहत राहिलो.

मग मी ग्रीसच्या हातांनीच खिशातले पाकीट काढून त्याच्यापुढे धरले. पाकीट काळे झाले. "हे कायचे पैसे जी?" त्याने विचारले. मेहुण्याने पाना खाली ठेवला.

मी मूर्तिजापूरच्या चहापासून सुरुवात केली.