नासविण्याचा अधिकार

जेवतांना पानांत टाकूं नये ही शिकवण ज्याला लहानपणीं मिळाली नाहीं असा मराठी माणूस विरळा. भाताचीं चार शितें उरलीं तरी घरांतलीं वडील माणसें टोकतात. अन्नाचा अपमान हा शब्द त्या प्रसंगीं उच्चारला जातो, आणि तो ऐकून मुलाच्या मनांत जो ओशाळेपणा उत्पन्न होतो तो पुढें जन्मभर टिकतो. परंतु त्याच घरांत आठवड्याच्या शेवटीं फ्रीजचा खालचा कप्पा साफ होऊं लागला म्हणजे काय दृश्य दिसतें? चिकट झालेली कोथिंबीर, पिवळी पडलेली मेथी, सुरकुतलेलीं दोन वांगीं, पिशवींत पाणी सुटलेली काकडी, हीं सर्व केराच्या डब्यांत जातात, आणि त्या वेळीं अन्नाच्या अपमानाची कोणाला आठवण होत नाहीं. फार झालें तर 'केवढी महाग घेतली होती!' एवढा उद्गार निघतो. म्हणजे हानि नोंदली जाते ती पैशाची. शिजलेलीं चार शितें टाकणें हा दोष, आणि न शिजलेली अर्धा किलो भाजी टाकणें ही घरकामांतली एक बाब, हा भेद आपल्या नीतिकल्पनांत कोठून आला आणि तो विचाराच्या कसोटीला उतरतो काय, याचा थोडा ऊहापोह येथें करावयाचा आहे.

भेदाचें मूळ शोधण्यास फार खोल जावें लागत नाहीं. आपले अन्नविषयक नियम ज्या काळांत घडले त्या काळांत कच्ची भाजी घरांत नासण्यास फारसा अवसरच नव्हता. मुंबईचें क्रॉफर्ड मार्केट १८६९ सालचें, पुण्याची मंडई १८८६ सालीं रे मार्केट या नांवानें उघडलेली. अशा बाजारांत पिशवी घेऊन वरचेवर जाणें हा शहरी गृहस्थाच्या दिनक्रमाचा भाग असे, आणि ज्याला मंडई लांब पडे त्याच्या दारीं पाटीवाली येई. भाजी पावशेर, अदपाव अशा मापानें घेतली जाई, बहुधा त्याच दिवशीं चिरली जाई, आणि देठ व पिवळीं पानें गोठ्यांतल्या गाईपुढें नाहीं तर परसांतल्या खड्ड्यांत पडत. शिवाय साल म्हणजे टाकाऊ हें समीकरण जुन्या गृहिणींस मान्य नव्हतें. दोडक्याच्या शिरांची चटणी, दुधीच्या सालींची चटणी, फणसाच्या आठळ्यांची भाजी हे पदार्थ कोणा पाककलानिपुणाच्या लहरींतून निघालेले नाहींत. कोंड्याचा मांडा करण्याच्या संवयींतून ते निघाले. नियम हा नेहमीं जेथें मोह असतो तेथें घातला जातो. रांधलेलें उरविण्याचा मोह होता, म्हणून त्यावर धाक बसला. कच्च्या भाजीवर धाक बसविण्याचें कारणच पडलें नाहीं. पुढें घरें आकसलीं, गाय गेली, परस गेलें, आठवड्याची एकच खरेदी सुरू झाली आणि फ्रीज आला. धाक मात्र पानापाशींच उभा राहिला.

दुसरा एक संस्कार याच्या नेमका उलट दिशेनें काम करतो, तो म्हणजे शिळ्याविषयींचा तिटकारा. गीतेच्या सतराव्या अध्यायांत रात्र उलटलेलें, रस गेलेलें अन्न तामस लोकांना प्रिय असतें असें सांगितलें आहे, आणि आमच्या घरांत गीता न वाचणारेही हें मत मानतात. टाकूं नये आणि शिळें खाऊं नये, या दोन आज्ञा एकत्र पाळावयाच्या तर एकच वाट उरते: मोजकें आणावें. ही तिसरी आज्ञा कोणी वेगळी सांगितली नाहीं, कारण ती त्या काळीं आपोआप पाळली जात होती.

येथें एक आक्षेप उभा राहतो, आणि तो क्षुल्लक नाहीं. भाजी मीं पैसे देऊन घेतली. शेतकऱ्याला, दलालाच्या हातून कां होईना, त्याचा मोबदला मिळाला. आतां ती मीं खावी कीं नासूं द्यावी हा माझा प्रश्न आहे, त्यांत नीतीचा संबंध काय? रोमन कायद्याच्या भाष्यकारांनीं मालकीचे तीन घटक सांगितले आहेत: वस्तु वापरण्याचा अधिकार, तिचें फळ घेण्याचा अधिकार आणि तिचा शेवट करण्याचा अधिकार. आक्षेप घेणारा या तिसऱ्या अधिकारावर उभा आहे. नवल असें कीं, खाजगी मालमत्तेचा खंबीर कैवारी म्हणून ज्याची प्रसिद्धि आहे त्या जॉन लॉकनें हा तिसरा अधिकार मोकळ्या हातानें दिलेला नाहीं. १६८९ सालीं प्रसिद्ध झालेल्या राज्यशासनावरील दुसऱ्या निबंधांत त्याचें प्रतिपादन असें आहे कीं, रानांतलीं सफरचंदें गोळा करणाऱ्याचीं होतात खरीं, कारण त्यानें श्रम केले. पण नासण्यापूर्वीं जेवढीं त्याच्या उपयोगीं पडतील तेवढींच. त्यापलीकडचें जें असेल तें दुसऱ्याच्या वांट्याचें. ही मर्यादा सांगून लॉकनेंच पुढें तींतून एक पळवाट काढून दिली. सोनें-रुपें नासत नाहीं. म्हणून नासणारें देऊन न नासणारें घेतलें तर तें कितीही सांठविण्यास हरकत नाहीं. पळवाटेचे परिणाम काय झाले हा निराळा विषय आहे. आपल्यापुरतें लक्षांत घ्यावयाचें तें हें कीं, बाजारांत आपण लॉकचा व्यवहार उलटा करतों. न नासणारा पैसा देऊन आपण नासणारी मेथी घेतों. आणि ज्या क्षणीं पैशाची मेथी झाली त्या क्षणीं त्याची जुनी मर्यादा पुन्हां लागू व्हावयास पाहिजे. पैसे दिल्यानें मेथीवर माझा हक्क उत्पन्न झाला. मेथीचा नासण्याचा धर्म त्यामुळें पालटला नाहीं.

मात्र या विवेचनांतून भुकेल्यांचा जो युक्तिवाद सामान्यतः काढला जातो तो मला लंगडा वाटतो. 'जगांत माणसें उपाशी आहेत आणि तूं टाकतोस,' असें म्हटलें म्हणजे चलाख मूल विचारतें, 'मग त्यांना पाठवा ना!' हें उत्तर उद्धट असेल, पण चुकीचें नाहीं. मीं न घेतलेली जुडी उपाश्याच्या ताटांत जाईल असा बाजाराचा नियम नाहीं. कदाचित् ती रात्रीं मंडईच्या कचऱ्यांतच जाईल. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमानें २०२४ सालीं काढलेल्या अहवालाप्रमाणें २०२२ सालीं जगांतलीं दुकानें, खाणावळी आणि घरें मिळून १०५ कोटी टन अन्न वायां गेलें, आणि त्यांतलें सुमारें ६० टक्के घरांतलें होतें. भारतांतील घरांसाठीं माणशीं वर्षाला ५५ किलोंचा अंदाज तेथें दिला आहे. त्यांत साली, हाडें यांसारखा न खाण्याजोगा भागही धरलेला आहे हें सांगितलें पाहिजे. आंकडे मोठे आहेत. पण आंकड्यांनीं जागा व्हावयाचा तो राज्यकर्ता. गृहस्थाला ते नेहमीं शेजाऱ्याच्या घराविषयीं वाटतात.

मग दोष कशांत आहे? माझ्या मतें खरेदी ही एक प्रतिज्ञा आहे. मेथीची जुडी पिशवींत टाकणें म्हणजे ती निवडली जाईल, धुतली जाईल, चिरली जाईल आणि खाल्ली जाईल असें वचन देणें होय. शेतकऱ्याला दाम मिळाला म्हणून त्याच्या श्रमाचा हेतु पुरा झाला असें म्हणतां येत नाहीं. रिकाम्या वर्गांत व्याख्यान देणाऱ्या प्राध्यापकाचा पगार कांहीं कापला जात नाहीं, तरी त्याला काय वाटतें हें आम्हां लोकांना पुरतेपणीं ठाऊक आहे. परंतु याहून नाजूक गोष्ट पुढेंच आहे. वचन देतो एक, आणि तें पाळावयाचें असतें दुसऱ्यानें. स्वस्त मिळाल्या म्हणून तीन जुड्या घेऊन विजयी मुद्रेनें घरीं येणारा गृहस्थ हा बहुधा त्या निवडीत नाहीं. पत्नीची, सुनेची किंवा दिवसभर नोकरी करून आलेल्या मुलीची एक अख्खी संध्याकाळ त्यानें तिला न विचारतां गहाण टाकलेली असते. ती संध्याकाळ तिला मोकळी मिळाली नाहीं कीं मेथी पिवळी पडते, आणि मग ठपका येतो तो तिच्या हयगयीवर. फ्रीजमध्यें नासलेल्या भाजीचा हिशेब मांडतांना घेणाराचा हात कोणता आणि राबणारा हात कोणता हें पाहिल्यावांचून न्याय होणार नाहीं. ज्या घरांत भाजी आणणाराच ती निवडावयास बसतो, त्या घरांत तीन जुड्या सहसा येत नाहींत, असें माझें निरीक्षण आहे.

मोजकें आणण्याच्या आड दारिद्र्य येत नाहीं, लाज येते. जुडी हें माप दहा माणसांच्या घराला शोभणारें होतें. घरांत तिघें उरलीं तरी जुडी तेवढीच राहिली. 'अर्धीच द्या' म्हणावयास मध्यमवर्गाची जीभ रेटत नाहीं. पाटीवालीला मात्र त्यांत कांहींच वाटत नाहीं. ती जुडी सोडून अर्धी हातावर ठेवते आणि वर मिरच्याही टाकते. आतां शहरांतून दहा-पंधरा मिनिटांत भाजी घरपोंच करणारीं दुकानें निघालीं आहेत. तत्त्वतः त्यांनीं पाटीवालीला पुन्हां दारीं आणलें असें म्हणतां आलें असतें; पण ठराविक रकमेच्या खालीं पोंचविण्याचा आकार पडतो, आणि तो वांचविण्यासाठीं माणूस नको असलेली काकडी घेतो. ती काकडी चार दिवसांनीं कोठें सांपडते हें वर आलेंच आहे.

यावर कोणी म्हणेल कीं, संग्रह हा तर गृहस्थाश्रमाचा गुणच आहे. आहे, परंतु जुना संग्रह आणि फ्रीजमधला सांठा हे एक नव्हेत. कैरीची आंबोशी, कोकमाचीं आमसुलें, फणसपोळी, सांडगे, लोणचें यांत प्रत्येक ठिकाणीं माणसानें वस्तूवर श्रम करून तिला काळाच्या तावडींतून सोडविलेलें असतें. फ्रीजमध्यें भाजी कोंबण्यास कांहींच श्रम लागत नाहींत. तेथें निर्णय पुढें ढकललेला असतो, आणि ढकलणाराला मात्र आपण तरतूद केली असें वाटतें.

खुडलेली भाजी मेलेली नसते, ही गोष्ट येथें ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. ती श्वास घेत असते, आपल्यांतली साखर खर्चीत असते. उष्णमान दहा अंशांनीं वाढलें कीं हा खर्च साधारणतः दुप्पट-तिप्पट होतो. फ्रीज हा श्वास मंद करतो, थांबवीत नाहीं. शिवाय थंडी सर्वांना मानवते असेंही नाहीं. केळ्याची साल थंडींत काळी पडते. वांगीं, भेंडी, काकडी हीं उष्ण देशचीं, दहा अंशांखालीं बरेच दिवस राहिलीं कीं बिघडतात, आणि फ्रीजमध्यें तर चारएक अंशच असतात. आंबा, केळें, सफरचंद पिकतांना एथिलीन नांवाचा वायु सोडतात. त्याच्या शेजारीं पालेभाजी ठेवली तर ती लवकर पिवळी पडते. कोथिंबिरीला ओल सोसत नाहीं आणि कोरडा वाराही सोसत नाहीं, म्हणून ती निवडून, पाणी टिपून, कोरड्या फडक्यांत गुंडाळून डब्यांत ठेवावी लागते. मिरचीचे देठ काढले तर ती अधिक टिकते. बटाट्याला अंधार पाहिजे, कांद्याला वारा. नाशिककडचा शेतकरी उन्हाळी कांदा चाळींत वारा खेळता ठेवून चार-पांच महिने राखतो. खरिपाच्या कांद्याला तो असें राखूं पाहत नाहीं, कारण तो कांदा राहणारा नव्हे हें त्याला माहीत असतें. सर्व वस्तु एकाच कप्प्यांत घालून दार लावणें यांत आणि पन्नास विद्यार्थ्यांना एकच उपदेश करून वर्गाबाहेर पडणें यांत फारसा फरक नाहीं. ज्याचा त्याचा स्वभाव ओळखून त्याला जागा देणें हें ज्ञान पूर्वीं घरोघर होतें, तें बायकांकडे होतें, आणि म्हणून त्याला कोणी ज्ञान म्हटलें नाहीं.

राहिला कंजूषपणाचा प्रश्न. मोजून आणणाऱ्या घराला लोक चिक्कू म्हणतात, आणि कांहीं वेळां तें खरेंही असतें. ॲरिस्टॉटलनें औदार्य हें उधळेपणा आणि कृपणता यांच्या मधलें ठरविलें. त्या हिशेबानें कुजका टोमॅटो कापून कापून खाणाराही मध्यावरून ढळलेलाच आहे, त्याला मी काटकसरी म्हणणार नाहीं. पण अतिथीचें काय? अवेळीं दोन माणसें आलीं आणि घरांत भाजी नाहीं, याहून गृहिणीला लाजिरवाणें काय असेल? ही भीति फ्रीजचे कप्पे भरण्यास जितकी कारण होते तितका लोभही होत नसेल, आणि ती भीति सभ्य आहे. तथापि आमच्या जुन्या घरांनीं तिचा बंदोबस्त नासणाऱ्या जिनसांवर सोंपविलेला नव्हता. ताजी भाजी घरच्यांपुरती. पाहुण्यासाठीं फळीवर डाळीचें पीठ, टोपलींत कांदे, बरणींत लोणचें आणि डब्यांत पापड. पाहुणा 'कांहीं करूं नका, आम्ही जेवून आलों आहोंत' असें खोटें सांगत असतांनाच आंतून फोडणीचा आवाज येई, आणि अर्ध्या घटकेंत पिठलें पानांत पडे.